अण्णांची दुसरी डिग्री

अण्णांना कुणी शिक्षण विचारलं की ते सांगत, ‘बी.एस्सी. केमिस्ट्री आणि बी.बी.ए. ऐंशी टक्के.’ ऐकणाऱ्याला वाटे, वा, या वयात ऐंशी टक्के! तसं नव्हतं. डिग्रीच ऐंशी टक्के झालेली होती. १२० क्रेडिटपैकी ९६ जमा, २४ बाकी. राहिलेले वीस टक्के कुठून कमीत कमी पैशात मिळतील याचा शोध चालू होता आणि तो संपावा अशी अण्णांची फारशी इच्छाही दिसत नव्हती.

असा एक माणूस प्रत्येक तालुक्याला असतो. एके काळी तो रेल्वेचं टाइमटेबल पाठ करायचा. पुढे त्याने एल.आय.सी.च्या पॉलिस्यांचे बोनस पाठ केले, मग मोबाईल कंपन्यांचे रिचार्ज. गावात कुणाला मुंबईला जायचं असलं, विमा काढायचा असला, सिम बदलायचं असलं की आधी त्याच्या ओट्यावर जायची पद्धत असे. आता त्याला क्रेडिट सापडली आहेत. आमच्याकडे, म्हणजे महाड-पोलादपूर पट्ट्यात, तो माणूस अण्णा. गाव पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या अंगाला, घर महाडात, बाजारपेठेच्या मागे, नोकरी एम.आय.डी.सी.तल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. पंचविसाहून अधिक वर्षं ब्युरेटमधून थेंब मोजून सोडले, त्याचा स्वभावावर परिणाम होणारच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अण्णा कंजूष नाहीत. कंपनीच्या बसमधून उतरल्यावर भज्यांचे पैसे तेच देतात आणि वर्गणीला कधी नाही म्हणत नाहीत. पण आपण घेतलेली वस्तू बिरवाडीत पाच रुपयांनी कमी मिळते हे कळलं तर त्यांना रात्री झोप येत नाही. त्यांचं प्रेम पैशावर नाही, फरकावर आहे. २०२३च्या गणपतीआधी कशेडीच्या बोगद्याची एक बाजू लहान गाड्यांना खुली झाली, तेव्हा चाकरमान्यांना घाट चुकल्याचा आनंद झाला. अण्णांना आनंद झाला तो खेडचे भाव जवळ आल्याचा. स्कूटरचा टायर तिकडे शंभर रुपयांनी स्वस्त पडतो म्हणून ते स्कूटरनेच खेडला गेले. पेट्रोलचं विचारलं तर म्हणाले, ‘बोगदा बघायचाच होता रे. तो खर्च बोगद्याच्या खात्यावर.’

दुसऱ्या डिग्रीची सुरुवात एका पावतीपासून झाली. मुलगी बारावी झाली आणि तिने मुंबईला बी.एम.एस.ला प्रवेश घेतला. फी, होस्टेल, डिपॉझिट मिळून जो आकडा झाला तो अण्णांनी आजतागायत मोठ्याने उच्चारलेला नाही. पावतीवर बोट ठेवून दाखवतात. ‘यात शिकवणार काय? तर धंदा. अगं, एवढे पैसे घालून धंदा शिकणं हाच पहिला तोट्याचा सौदा.’ त्यांनी तिला मुक्त विद्यापीठाचं माहितीपत्रक दाखवलं. ती म्हणाली, ‘बाबा, एवढं स्वस्त असेल तर तुम्हीच करा.’ मुली हे सहज बोलून जातात. अण्णांनी ते आव्हान मानलं.

वर्ष होतं २०२१. त्या वर्षी २२ जुलैला सावित्री आणि गांधारी एकदमच बाजारपेठेत शिरल्या. तळमजले बुडाले, पाणी पहिल्या मजल्याला लागलं. पुढे कित्येक दिवस महाडात माणसं चिखल उपसत होती आणि कागद वाळत घालत होती: खरेदीखतं, रेशनकार्डं, लग्नाचे अल्बम, दहावीची सर्टिफिकेटं. अण्णांच्या बी.एस्सी.च्या गुणपत्रिका लोखंडी कपाटात होत्या. कपाट उघडलं तेव्हा आत कागद नव्हता, लगदा होता. नेमकं त्याच आठवड्यात, २९ जुलैला, नव्या शैक्षणिक धोरणाला एक वर्ष झालं म्हणून दिल्लीत ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चं उद्घाटन झालं. तुम्ही शिकलेलं आता कपाटात नाही, खात्यात जमा होणार. एका संस्थेत मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे नेता येणार. मुदत सात वर्षं. वीज आल्यावर अण्णांनी ही बातमी मोबाईलवर वाचली. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला पाण्यात न भिजणारी गुणपत्रिका ही काय चीज वाटली असेल, हे महाडकरालाच कळेल. अण्णांनी त्या रात्री खातं काढलं. बारा आकडी नंबर आला. शिल्लक शून्य.

शून्य कशी, हा त्यांचा पहिला झगडा. बी.एस्सी.ची तीन वर्षं कुठे गेली? तर ती क्रेडिटच्या जमान्याआधीची. तेव्हा टक्के होते आणि क्लास होते. अण्णांचा क्लास कुठला हे ते सांगत नाहीत, ‘पास झालो’ एवढंच सांगतात. बँकेत जमा होणार ते २०२१-२२ पासूनच्या अभ्यासक्रमांचं. त्याआधीच्या टायट्रेशनला भाव नाही. एखाद्याने तिथेच नाद सोडला असता. अण्णांनी वही घातली.

त्या वहीत गणित असं होतं. तीन वर्षांची पदवी म्हणजे किमान १२० क्रेडिट. सरकारच्या ‘स्वयम’वर, २०१७ पासून, शेकडो अभ्यासक्रम फुकट. त्यातले ‘एनपीटीईएल’चे तर आय.आय.टी.तले प्राध्यापक शिकवतात. बारा आठवडे व्हिडिओ बघा, दर आठवड्याला स्वाध्याय भरा, पैसा पडत नाही. फक्त शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तर विषयाला हजार रुपये. अण्णांच्या भाषेत, ‘शिकायला फुकट, शिकलो म्हणायला हजार.’ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमाप्रमाणे एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय असे बाहेरून आणता येतात. म्हणजे चाळीस टक्के ‘स्वयम’वरून, साठ टक्के मुक्त विद्यापीठातून, पुस्तकं त्यांचीच, रविवारची संपर्कसत्रं जवळच्या केंद्रावर, नोकरी चालू. वहीच्या शेवटी अण्णांनी दुहेरी रेघ मारली आणि ‘प्रति क्रेडिट खर्च’ असं लिहून पुढचा आकडा लाल शाईने गोल केला. ते पान त्यांनी लॅबमधल्या सगळ्यांना दाखवलं. मॅनेजरलाही दाखवलं. मॅनेजरने विचारलं, ‘पण डिग्री घेऊन करणार काय?’ या प्रश्नाची अण्णांकडे विचारणाऱ्याप्रमाणे उत्तरं होती. मॅनेजरला सांगितलं, पर्चेसमध्ये उपयोग होईल. वहिनींना सांगितलं, रिटायर झाल्यावर कन्सल्टन्सी. गावी आईला सांगितलं, पगार वाढेल. आई म्हणाली, ‘बाबू, मग पयल्या डिग्रीला काय झालाव? बुरशी लागली काय?’

क्रेडिटची मापं कळल्यापासून अण्णांचं घड्याळ बदललं. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे तीस तास, असा हिशेब धरतात. मग काय! चतुर्थीच्या आदल्या दिवशी पनवेल ते महाड प्रवास ‘अर्धा क्रेडिट’ झाला. चुलतभावाच्या मुलीचं लग्न, हळदीपासून सत्यनारायणापर्यंत धरून, ‘दोन क्रेडिट’. वहिनींनी एकदा संतापून आपल्या संसाराचे क्रेडिट विचारले. अण्णांनी खरोखरच कागद ओढला. वहिनींनी तो कागद घेतला आणि त्यावर भजी निथळत ठेवली.

खरी कसोटी गणपतीत. जुलैला सुरू झालेला अभ्यासक्रम ऐन गणपतीत मध्यावर येतो, आणि स्वाध्यायाची मुदत रात्री ११:५९. बारा स्वाध्यायांतले चांगले आठच धरतात, म्हणून चार आठवडे बाप्पाला सोडायचे असं अण्णांनी वहीत मांडलं होतं. पण एकदा पावसाळ्यातल्या आजारपणाने आधीच चार गेले. गावात नेटवर्क मिळतं ते देवळापुढच्या सहाणेवर, आणि तिथे जाखडी रंगात आलेली. अण्णा मोबाईल वर धरून सहाणेच्या कोपऱ्यात. प्रश्न होता ग्राहकाच्या वर्तनावर: एखादी वस्तू दुर्मीळ झाली की तिची मागणी वाढते, याचं कारण चारपैकी कोणतं? अण्णा अडले. त्यांनी प्रश्न मोठ्याने वाचला. ढोलकी थांबली. पर्याय वाचून झाले. म्होरक्या म्हणाला, ‘तिसरा टाका अण्णा. आपल्या गावात बायकू मिळत न्हाय, तसाच हाय ता.’ तिसरा बरोबर निघाला. त्या स्वाध्यायात अण्णांना पैकीच्या पैकी गुण आहेत आणि त्यात निम्मा वाटा जाखडीच्या फळीचा आहे.

परीक्षेचं केंद्र मात्र महाडात येत नाही. कधी मुंबई, कधी पुणे. पावसाळ्यात वरंध घाट बंद असला की पुणं लांब पडतं. इथे अण्णांच्या बुद्धीने एक उडी मारली. एका विषयासाठी एस.टी.चं भाडं खर्च करायचं ते दोन विषयांवर वाटलं तर निम्मं पडेल! सकाळच्या सत्रात फायनान्शियल अकाउंटिंग होतं. दुपारच्या सत्रात त्या दिवशी धंद्याशी संबंधित असं काही नव्हतं. जे होतं त्यातलं अण्णांना जमण्यासारखं एकच, वन्यजीवांचं पर्यावरणशास्त्र. अण्णांनी बारा आठवडे वन्यजीव केले. एस.टी.चं भाडं वाचावं म्हणून वाघाच्या क्षेत्राचा अभ्यास करणारा त्यांच्याइतका दुसरा विद्यार्थी आय.आय.टी.ला मिळाला नसेल. अकाउंटिंगला जेमतेम पन्नाशी गाठली. वन्यजीवाला ‘एलिट’ आणि वर रौप्यचिन्ह. तेव्हापासून सावित्रीच्या पुलावर कुणी मगर बघायला थांबलं की अण्णाही थांबतात आणि मगरीने दुपारी काठावर तोंड उघडून का पडावं हे समजावतात. मगरीला याचा काही उपयोग नाही. बी.बी.ए.लाही झाला नाही.

कारण प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन अण्णा विद्यापीठाच्या केंद्रात गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी एकेक कागद पाहून दोन ढीग केले. मोठा ढीग परत दिला. वन्यजीव तर सोडाच, मार्केटिंगचाही एक विषय परत आला. नियम असा की बाहेरचा विषय आपल्या संस्थेच्या मंडळाने आधी मान्य करायला हवा, त्या सत्रात तो बसायला हवा, चाळीस टक्क्यांची मर्यादा ओलांडायला नको. क्रेडिट मिळवणं तुमच्या हातात. ते धरायचं की नाही, हे घेणाऱ्याच्या. नाव बँकेचं असलं तरी इथे प्रत्येक शाखा आपल्याला पटेल तीच नोट घेते. अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी घोषणा केली, ‘आधी घेणारा शोधायचा, मग कमवायचं. सगळ्या धंद्याचं मूळ हेच. बी.बी.ए.च्या एकाही पुस्तकात एवढं स्पष्ट लिहिलेलं नाही.’

माझ्या मते त्यांची डिग्री त्या दिवशी पुरी झाली. बाकी सगळा कागदाचा भाग.

पण या फजितीने अण्णा तज्ज्ञ झाले. कुठलं क्रेडिट कुठे चालतं, कुठे अडतं, कुठला अर्ज कुठल्या महिन्यात सुटतो, हे त्यांना स्वतःचे हात पोळून कळलं होतं. संध्याकाळी एस.टी. स्टँडच्या बाकावर त्यांचं दुकान लागू लागलं. फी नाही. दहावीलाच गळपटलेली बिरवाडीकडची एक बाई आली. अण्णांनी तिला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची गोष्ट सांगितली. १९८९ला ते निघालं ते अशांसाठीच, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नुसतं ब्रीद नाही, पूर्वतयारीची परीक्षा देऊन बारावी न झालेली माणसंसुद्धा तिथे पदवीधर झाली आहेत. पोलादपूरकडचा एक कंडक्टर आला. त्याला ‘इग्नू’चं बी.कॉम. सुचवलं, तीन वर्षांत जमलं नाही तर सहा वर्षं मुभा, स्वाध्याय हाताने लिहायचे, परीक्षा जून आणि डिसेंबरला. ‘जूनची दे. डिसेंबरात लग्नसराईच्या ज्यादा गाड्या असतात, तुला सुट्टी मिळायची नाही.’ हा सल्ला कुठल्या समुपदेशकाने दिला असता? नर्सिंगच्या कोर्ससोबत दुसरी पदवी करू पाहणारी एक पोरगी आली. तिला अण्णांनी २०२२ साली आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिल्याचं परिपत्रक मोबाईलवर काढून दाखवलं. ते परिपत्रक घरीही दाखवलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, ‘दोन नको. एक तरी पुरी करा.’

घोटाळा असा झाला की ही सगळी माणसं पास व्हायला लागली. त्यांना फरकाची विद्या येत नव्हती. अण्णांनी सांगितलेला अर्ज ती मुदतीत भरत, सांगितलेली फी मुकाट्याने देत, आलेली पुस्तकं वाचत आणि परीक्षेला बसत. कंडक्टर आधी पदवीधर झाला. मग बिरवाडीकडच्या बाईने पेढे आणले. अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, अंगणवाडीतल्या ताई, कंपनीच्या कँटीनचा मुकादम, ओळीने पेढे. अण्णा प्रत्येकाचा पेढा खात, ‘कितीत पडली?’ विचारत आणि आकडा ऐकून हळहळत. ‘अरे, दुसऱ्या वर्षी थांबला असतास तर अजून वाचले असते.’ आपण मात्र थांबलेले. पुढचं सत्र जानेवारीत घ्यावं, कदाचित यादीत नवे फुकट विषय येतील. आले की मंडळाची मान्यता येईपर्यंत थांबावं. मान्यता आली की परीक्षेचं केंद्र पनवेलला येतंय का ते बघावं. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे, त्याला कुणी सात वर्षांची मुदत घातली नाही. क्रेडिटला मात्र घातली आहे, हे त्यांना अन्यायाचं वाटे.

या काळात त्यांना एक नवं स्वर्गद्वार दिसलं. भाचा न्यू जर्सीला असतो. त्याच्या बायकोचं मुंबईचं तीन वर्षांचं बी.कॉम. तिकडे बऱ्याच ठिकाणी चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीचं धरत नाहीत, आणि तिला व्हायचं होतं सी.पी.ए., म्हणजे तिकडची सी.ए. त्या परवान्यासाठी बहुतेक राज्यांनी वर्षानुवर्षं १५० क्रेडिटची अट ठेवलेली. तेव्हा तिनेही धंद्याची दुसरी पदवी स्वस्तात करायला घेतली. व्हिडिओ कॉलवर तिने सहज सांगितलं की इकडे महिन्याला ९९ डॉलर भरले की त्या महिन्यात जमतील तेवढे विषय उरकता येतात, ‘क्लेप’ नावाची परीक्षा थेट देऊन न शिकताही क्रेडिट मिळतात, आणि न्यू जर्सीचंच थॉमस एडिसन विद्यापीठ असं गोळा केलेलं सगळं धरून पदवी देतं. १९७२ पासून देतं. वर एडिसनकडे स्वतः कॉलेजची पदवी नव्हती.

अण्णांच्या हातातला मोबाईल थरथरला. ‘जमतील तेवढे? म्हणजे अनलिमिटेड?’

‘हो मामा.’

‘आणि महिना कुठला धरतात? तीसचा की एकतीसचा?’

पुढचे पंधरा दिवस अण्णा फक्त एकतीस दिवसांच्या महिन्यांबद्दल बोलत होते. जुलै आणि ऑगस्ट लागोपाठ एकतीसचे येतात, हा त्यांना निसर्गाचा चमत्कार वाटला. डॉलरचा भाव आणि विद्यापीठाची मूळ फी कळल्यावर ताप उतरला. पण भाचेसुनेला त्यांनी वहीतून बरंच काही काढून दिलं: कुठला विषय आधी उरकायचा, कुठल्या विषयासाठी परवानगीचं पत्र आधी घ्यायचं. सातासमुद्रापलीकडेही नियम तोच निघाला होता, आधी घेणारा शोधायचा. तीही अण्णांच्या आधी पदवीधर झाली. पेढे कुरियरने आले नाहीत, फोटो आला.

एका ठिकाणी मात्र अण्णांची वही बंद असते. २० मार्चला चवदार तळ्यावर लोक लोटतात. १९२७च्या त्या दिवसाची आठवण ठेवून देशभरातून येतात आणि तळ्याभोवती पुस्तकांचे स्टॉल लागतात. महाडात वाढलेल्या माणसाने पदव्यांची यादी म्हणून लहानपणापासून एकच पाहिलेली असते, बाबासाहेबांच्या तसबिरीखालची: मुंबईची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडनची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी. अर्धवट राहिलेलं लंडनचं शिक्षण पुरं करायला ते १९२०ला पुन्हा गेले ते मुंबईच्या सिडनहॅम या व्यापार शिकवणाऱ्या कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवून, आणि उरलेले उसने घेऊन. मी एकदा अण्णांना डिवचलं, ‘त्यांना प्रति क्रेडिट किती पडलं असेल हो?’ अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. त्या दिवशी त्यांनी स्टॉलवरून ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ घेतलं. तोच तो डी.एस्सी.चा प्रबंध, १९२३चा. विक्रेता स्वतःहून दहा टक्के कमी करत होता. अण्णांनी छापील किंमत दिली. आयुष्यात त्यांनी छापील किमतीला घेतलेली दुसरी वस्तू मला माहीत नाही. पुस्तक पूर्ण वाचलं का? नाही. चलनाच्या सुवर्णप्रमाणापाशी अडले. पण ते कपाटात वरच्या खणात आहे, २०२१च्या पाण्याच्या खुणेच्या वर.

तर अशा रीतीने लेकीची बी.एम.एस. २०२४ला वेळेवर झाली. त्याच वर्षापासून अनेक कॉलेजांनी त्या कोर्सचं नाव बदलून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ केलं, कारण बी.एम.एस. म्हटलं की आता ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता आणि सी.ई.टी.ची भानगड. अण्णांना तेवढंच समाधान. ‘बघ, एवढी महाग डिग्री आणि पाटीसुद्धा टिकली नाही.’ लेक काही बोलली नाही. तिने त्यांची वही मागून घेतली आणि तीन वर्षं जे शिकली होती ते पहिल्यांदा घरच्या कामाला लावलं. वहीत नसलेल्या गोष्टी तिने लिहिल्या: मुंबईच्या खेपा, पुण्याच्या खेपा, बी.एस्सी.ची दुबार गुणपत्रिका काढायला घातलेल्या चकरा, बिनपगारी रजा, रात्री मोबाईल बघून लागलेला चष्मा, नवा मोबाईल, परत आलेल्या विषयांच्या परीक्षा-फ्या. बेरीज केली. ती तिच्या पावतीच्या आकड्याच्या आसपास आली.

‘प्रवास धरायचा नसतो,’ अण्णा म्हणाले.

‘का?’

‘तो मी तसाही केला असता.’

‘पुण्याला? वरंध घाट बंद असताना? वन्यजीवांसाठी?’

अण्णांनी चष्मा काढून पुसला. ‘हा चष्मासुद्धा धरू नकोस. वय झालं की लागतोच.’

तेव्हा त्यांचे ११६ क्रेडिट झाले होते. शिक्षण विचारलं तर ‘बी.बी.ए. सत्त्याण्णव टक्के’ म्हणत. उरलेल्या चार क्रेडिटचा विषय विद्यापीठाकडे होता, फी भरली की पुस्तक घरपोच. पण तोच विषय पुढच्या जुलैत ‘स्वयम’वर येण्याची चिन्हं होती आणि अण्णा एक वर्ष थांबायला तयार होते. अर्जाची मुदत संपली. मग विलंब शुल्काची मुदतही संपत आली. शेवटच्या दिवशी लेकीने आपल्या दुसऱ्या पगारातून फी भरली. विलंब शुल्कासकट. आणि रात्री जेवताना सांगितलं.

घरात त्या रात्री जे झालं ते भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. ‘लेट फी? आपल्या घरात लेट फी भरली?’ अण्णांचा आवाज कापत होता. लेक आयुष्याचे पैसे बुडवून आली असती तरी ते एवढे हलले नसते. पण पैसे गेले होते आणि ते परत मिळत नव्हते. आता वसूल करायचा एकच मार्ग होता. अण्णा पहिल्यांदा सरळ अभ्यासाला बसले. पहाटे चारला उठून. परीक्षेला गेले ते एकाच विषयासाठी, भाडं कशावरही न वाटता. ऐंशी गुण मिळाले. अण्णांची खरी कुवत तिथे कळली, आणि त्यांना ती थोडी महागच वाटली.

पदवीदान समारंभाला जायचं तर फेटा, फोटो, प्रवास. टपालाने मागवलं तर स्वस्त. त्यामुळे गेल्या महिन्यात पोस्टमनमामा पाकीट घेऊन आले. अण्णांनी सही केली, पाकीट उलटंपालटं करून तिकिटांची किंमत पाहिली आणि ते उघडायला सुरी शोधू लागले. पोस्टमनमामा उंबऱ्यातच घुटमळले. मुलगा यंदा बारावी झाला, बी.कॉम.ला घालायचं म्हणत होते, कॉलेजची फी ऐकून पोटात गोळा आलाय.

‘बसा,’ अण्णा म्हणाले. सुरी राहिली. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून पदवीच्या बंद पाकिटावरच रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे कॉलेज, उजवीकडे मुक्त विद्यापीठ. विषय, क्रेडिट, ‘स्वयम’चे किती, त्यातले आधी मान्य कुठले करून घ्यायचे, परीक्षा कुठल्या महिन्यात. पाकीट भरलं तसे ते मागच्या बाजूला गेले. पोस्टमनमामा वाकून आकडे बघत होते.

‘अण्णा, एवढ्या कमीत होतंय तर पोराला काय, मीच बसतो की परीक्षेला.’

‘रिटायरमेंटला किती राहिलीत?’

‘तीन वर्षं.’

‘बरोब्बर बसतात,’ अण्णा म्हणाले. ‘पण या जुलैत अर्ज करू नका. जानेवारीपर्यंत थांबा. मी बघतो.’